क्लासमधले सात बँड परीक्षेत साडेपाच कसे होतात?

आयईएल्ट्स म्हणजे परदेशात शिकायला किंवा कामाला जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्या क्लासच्या पाट्या आता जळगाव-धुळ्यापुरत्या राहिल्या नाहीत, तालुक्याच्या गावीही दिसतात. शिरपूर-चोपड्याकडची फार्मसीची पोरं, नर्सिंग झालेल्या मुली, केळीचे पैसे हातात आले की मुलाला बाहेर पाठवू पाहणारी रावेर-यावलकडची घरं... गिऱ्हाईक भरपूर. जाहिरातीत ठरलेलं वाक्य असतं: 'लिसनिंगमध्ये सात बँडची गॅरंटी'. लिसनिंग म्हणजे ऐकून उत्तरं लिहायचा भाग, बँड म्हणजे नवापैकी मिळणारी श्रेणी. गॅरंटी लिसनिंगचीच का, याला कारण आहे. रायटिंग आणि स्पीकिंगचे गुण परीक्षकाच्या हातात असतात. लिसनिंगचे ४० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकीला गुण वजा नाहीत. आकडा त्याच संध्याकाळी फळ्यावर लिहिता येतो. सगळी चलाखी त्या आकड्यातच असते.

पहिल्या दिवशी 'लेव्हल टेस्ट' होते. ती कडक तपासतात. स्पेलिंग चुकलं, शून्य. एक शब्द जास्त झाला, शून्य. मुलगा १४-१५ वर येतो, घाबरतो आणि फी भरतो. पुढच्या महिन्यात तपासणी हळूच सैल होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली एखादी तपासलेली उत्तरपत्रिका हातात घेऊन पाहा. 'अकोमोडेशन'मध्ये एकच एम, तरी बरोबरची खूण. 'फक्त दोन शब्द' अशी सूचना असताना तीन शब्द लिहिलेत, तरी बरोबर. 'टिकेट्स'चा शेवटचा एस गायब, तरी बरोबर. खऱ्या परीक्षेत या तिन्हींना शून्य मिळतं. अशी सात उत्तरं सोडून दिली की २३ चे ३० होतात. साधारण हिशेबाने २३ म्हणजे ६ बँड आणि ३० म्हणजे ७. घरी फोन जातो, 'पोऱ्याले सात बँड उनात', आणि दुसरा हप्ता निघतो.

तपासणीइतकीच गडबड ऑडिओत असते. खऱ्या परीक्षेत प्रत्येक भाग एकदाच ऐकवतात. क्लासमध्ये 'कोणाला नाही कळलं?' म्हणत पुन्हा लावतात, किंवा प्लेअरचा वेग ०.७५ वर ठेवतात. नवख्याला ते लक्षातही येत नाही. प्रश्न वाचायला परीक्षेत जेमतेम अर्धं मिनिट मिळतं, इथे सर पाणी पिऊन येईपर्यंत वेळ असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे शेवटची मिनिटं. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला १० मिनिटं देतात, संगणकावरच्या परीक्षेत तपासायला फक्त २. संगणकाचा फॉर्म भरलेल्या मुलालाही क्लासमध्ये १० मिनिटांचीच सवय लावतात. त्यात टेस्ट म्हणजे केंब्रिजच्या जुन्या सराव-पुस्तकांच्या झेरॉक्स, ज्यांच्या उत्तरसूची मुलांच्या मोबाइलवर आधीच फिरत असतात.

म्हणून क्लासचा आकडा घरी पडताळा. आयईएल्ट्सच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना चाचण्या फुकट आहेत. हेडफोन लावा, मध्ये न थांबता सुमारे ३० मिनिटांचा ऑडिओ एकदाच ऐका, २ मिनिटांत उत्तरं तपासून पेन खाली ठेवा. मग सूचीशी अक्षर न् अक्षर जुळवा. क्लासच्या गुणांत आणि या गुणांत चार-पाचाहून जास्त फरक सतत पडत असेल, तर तुम्ही भरलेली फी फळ्यावरच्या आकड्याची आहे.

आता कान तयार होणं म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे, कारण 'ट्रिक्स'च्या नावाखाली नेमकं हेच गाळलं जातं. मराठी माध्यमातल्या मुलांचे गुण लिसनिंगच्या पहिल्या भागातच गळतात, आणि तो सगळ्यांत सोपा भाग. ऑस्ट्रेलियन माणूस ए हे अक्षर 'आय'सारखं म्हणतो. आडनावाचं स्पेलिंग सांगताना मुलगा तिथे आय लिहून मोकळा. फोन नंबरात शून्याला 'ओ' म्हणतात, ७७ ला 'डबल सेव्हन'. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत जोर कुठे पडतो ते ऐकावं लागतं: पंधरामध्ये सहसा शेवटी, पन्नासमध्ये सुरुवातीला. शिवाय बोलणारा आधी चुकीचं उत्तर देतो आणि मग दुरुस्त करतो: 'गुरुवारी भेटू... नाही, त्या दिवशी हॉल मिळत नाही, शुक्रवारी.' गुरुवार ऐकताच लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळणारा तिथेच फसतो. तिसऱ्या भागात विद्यार्थी आणि शिक्षक यांची चर्चा असते; कोण कशाला हो म्हणालं हे न धरल्यास गुण जातात.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो विकला जात नाही. दोन मिनिटांचा तुकडा घ्या. एकदा परीक्षेसारखा ऐकून उत्तरं लिहा. मग लिखित मजकूर न पाहता वाक्य-वाक्य थांबवून वहीत उतरवा. शेवटी लिखित संहितेशी ताडा आणि प्रत्येक चूक तीनपैकी एका रकान्यात टाका: ऐकूच आलं नाही, ऐकू आलं पण स्पेलिंग चुकलं, नंतर बदललेलं उत्तर पकडलं नाही. पंधरवड्यात कोणता रकाना भरतोय ते दिसतं आणि मेहनत तिथे घालता येते. बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' संहितेसकट फुकट मिळतं.

बँड वाढत नाही म्हटल्यावर दुसरा सापळा येतो: टेलिग्रामवरचा 'फुटलेला पेपर', किंवा परीक्षेला न जाताच निकालपत्र. पेपर म्हणून जुनेच संच पाठवतात आणि परीक्षेनंतर 'सेट बदलला' म्हणतात. निकालपत्राचं तर विचारूच नका. विद्यापीठं आणि दूतावास निकालपत्राचा क्रमांक थेट आयईएल्ट्सच्या प्रणालीत तपासतात. खोटं सापडलं तर कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, ब्रिटन १० वर्षांपर्यंत. एजंटाचं काही जात नाही.

पैसे देण्याआधी पावती क्लासच्या नावाची मागा. सरांच्या खाजगी यूपीआयवर रक्कम टाकू नका. 'गॅरंटी'ची जाहिरात दिसली की स्क्रीनशॉट ठेवा. परीक्षेत अमुक गुण हमखास मिळतील असा दावा कोचिंग क्लासने करू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. क्लासविरुद्ध आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला २ वर्षांची मुदत असते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क लागत नाही.