इनटेक घ्यायचं की ट्रायाज? दोन्ही केलेल्या व्हॉलंटियरचं मत

ऑनलाइन छळ सोसणाऱ्यांच्या हेल्पलाइनवर काम करायचंय पण फॉर्ममध्ये इनटेक (पहिला फोन घेणं) टिक करू की ट्रायाज (कोणाची केस आधी ते ठरवणं), असं बरेच जण विचारतात आणि आयटीवाले बहुतेक ट्रायाजकडेच झुकतात. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगते.

इनटेक म्हणजे पहिला फोन किंवा पहिला चॅट. समोरची बाई (मुलं पण येतात, सेक्स्टॉर्शनमध्ये, म्हणजे खासगी फोटो पसरवायची धमकी देऊन उकळतात त्यात, तर खूपच) रडते, किंवा एकदम कोरड्या आवाजात सांगते आणि ते जास्त अंगावर येतं. आपण ऐकायचं आणि मोजकंच विचारायचं. माझा पहिला प्रश्न ठरलेला: ज्या फोनवरून बोलताय तो अजून कोणाच्या हातात जातो का? एकदा एक जण (तपशील बदललेत) हळूच म्हणाली, रोज रात्री नवराच चार्जिंगला लावतो. व्हॉट्सअ‍ॅपचं लिंक्ड डिव्हाइसेस उघडायला सांगितलं तर एक कॉम्प्युटर जोडलेला, तो तिचा नव्हताच. मी "लॉग आउट करा" म्हणणार होते पण थांबले, कारण ते केलं की त्याला कळणार आणि ती त्याच घरात राहते. आधी ती रात्री कुठे असेल ते बोललो. आणि "फोटो पाठवा, बघते" असं कधीच म्हणायचं नाही, लिंक, युजरनेम, तारीख-वेळ एवढं पुरतं. घाबरून चॅट डिलीट करू नका हे मात्र सांगायचं, तोच पुरावा असतो.

ट्रायाजला आवाज नसतो, फक्त नोंदी. आज कोण, उद्या कोण, कोणाकडे पाठवायचं. जिवाला धोका आणि १८ च्या आतलं मूल सगळ्यात वर. मूल असेल आणि प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सोच्या (मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, त्यामुळे "कोणाला सांगणार नाही" असा शब्द इनटेकवाल्याने आधीच देऊन ठेवला असेल तर पुढे सगळं अवघड होतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यात सरकतात. १८ च्या वरच्या माणसाचे खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय (असे फोटो साइट्सवर रोखणारी सेवा), डिसेंबर २०२१ पासून आहे, त्यात फोनवरच फोटोचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, बनतो आणि फोटो फोनबाहेर जात नाही, हे ऐकूनच माणूस जरा श्वास घेतो. १८ च्या आतल्यांसाठी तशीच सेवा, टेक इट डाउन. आयटी कायद्याचं ६६ई (खासगी अंगाचे फोटो), ६७ए (लैंगिक मजकूर), भारतीय न्याय संहितेचं ७७ (चोरून बघणं, चित्रण) आणि ७८ (पाठलाग), एवढी कलमं हळूहळू तोंडपाठ होतात.

थकवा दोन्हीकडे आहे पण वेगळा. इनटेकचा आवाज घरी येतो. ट्रायाजमध्ये आपण कोणालातरी "उद्या" मध्ये टाकलेलं असतं आणि तेच डोक्यात फिरतं.

माझं मत विचाराल तर टेक्निकल असाल तरी पहिले ३-४ महिने इनटेकच घ्या. मी उलटं केलं. एक नोंद आलेली, "फेक प्रोफाइल, २ महिने जुनं", मी खाली ढकलली. त्या प्रोफाइलवर तिचा घरचा पत्ता होता, अनोळखी माणसं दार वाजवत होती. नोंदीत पत्ता नव्हता कारण कोणी विचारलंच नव्हतं, आणि मलाही ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं कारण मी एकही फोन घेतला नव्हता. आता फेक प्रोफाइल दिसलं की मी पहिलं तेच विचारते, नंबर किंवा पत्ता टाकलाय का.

ज्यांच्या बाबतीत हे नुकतंच घडलंय त्यांनी मात्र इनटेक सध्या नको, ट्रायाज किंवा टेकडाउनचा (मजकूर साइटवरून काढून घेण्याचा) फॉलो-अप बघा.

फॉर्म भरायच्या आधी संस्थेला विचारा, शिफ्टनंतर बोलायला कोणी सीनियर असतं का आणि नोंदी कुठे ठेवतात. स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून केस हाताळायला सांगितलं तर तिथे जाऊ नका.