एआर-४एक्सची जुनी जोडी आणि यूमिक-१ माइक: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगते. जुने स्पीकर स्वतः दुरुस्त करत असाल किंवा कारागिराकडून करून घेत असाल, तर मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा मोजणीचा माइक जरूर घ्या; स्पीकर कोणता सूर किती जोरात वाजवतो, ते त्याने लॅपटॉपवर आलेखात दिसतं. नुसतं ऐकायचंच असेल, तर तेवढ्या पैशांच्या रेकॉर्ड घ्या, जास्त सुख लागेल.

माझी जोडी एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या एआर-४एक्स स्पीकरांची. १९६० च्या दशकातलं अमेरिकन मॉडेल: खालच्या सुरांसाठी आठ इंची वूफर, वरच्या सुरांचा ट्वीटरसुद्धा कागदी कोनचा (कोन म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा), दोघांत सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर १२०० हर्ट्झला आणि सगळीकडून बंद खोका. यात कोनला मागे खेचायचं बरंचसं काम खोक्यात कोंडलेली हवा करते. म्हणून वूफरच्या कडेचं कापड हवा सोडायला लागलं की बेस बिघडलाच. घरच्या घरी तपासायचं तर कोन बोटांनी अलगद आत दाबून सोडायचा. सावकाश परत आला तर खोका हवाबंद आहे, टपकन आला तर कुठेतरी गळती आहे.

माइक लॅपटॉपला यूएसबीने जोडला की चालू होतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. प्रत्येक माइकची त्याच्या सिरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे त्या माइकच्या चुका भरून काढणारी फाइल, मिळते. त्यात दोन प्रकार असतात, माइक स्पीकरकडे रोखला तर शून्य अंशाची आणि छताकडे उभा धरला तर नव्वद अंशाची. फाइल चुकली की उंच सुरांच्या भागात आलेख फसवतो. मोजून आलेख काढणारं सॉफ्टवेअर म्हणजे आरईडब्ल्यू, फुकट मिळतं. विंडोजमधली आवाज ‘सुधारणारी’ सगळी सेटिंग्ज तेवढी बंद करा.

ठाण्यात मोजायची खरी अडचण शांतता. आमचं घर घोडबंदर रोडच्या बाजूला, त्यामुळे दिवसा ट्रक, कुकरच्या शिट्ट्या, सोसायटीचा पंप असं काही ना काही चालूच असतं. मी रात्री जेवणं आटोपल्यावर बसते, पंखे आणि फ्रिज बंद करून. मोजताना स्पीकरवर स्वीप वाजवतात, म्हणजे खालून वर चढत जाणारा एकच सूर. समोरच्या काकूंनी एकदा विचारलंच, “अगं, रात्री तुमच्याकडे तो भोंगा कसला वाजतो?” आवाज वाढवण्यापेक्षा स्वीप लांबवलेला बरा. लांबी दुप्पट केली की मागच्या गोंगाटावर तीन डेसिबलची सरशी मिळते आणि काकूही झोपतात.

पैसे वसूल झाले ते डाव्या-उजव्याच्या तुलनेत. वसंतराव देशपांड्यांची रेकॉर्ड लावली की आवाज मधोमध न येता डावीकडे सरकलेला वाटायचा. खोल्या बदलून, खोके बदलून पाहिलं, तरी गायक त्याच खोक्याच्या मागे जायचा. दोन्ही खोके एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवून मोजले. हजार हर्ट्झपर्यंत दोन्ही रेषा एकमेकींवर, पुढे एक रेघ चार डेसिबल खाली. संशय मागच्या पॉटवर, म्हणजे फिरवायच्या बटणामागच्या भागावर गेला. या मॉडेलमध्ये ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायला तारेचा पॉट असतो आणि त्याचं गंजणं हे एआरच्या जुन्या स्पीकरांचं ठरलेलं दुखणं. वूफर काढला, हात आत घालून पॉट बाहेर ओढला. सरकत्या पत्र्यावर आणि तारेच्या कडीवर हिरवट थर चढला होता. बारीक पॉलिश पेपर, क्लीनरचे दोन फवारे, परत जोडणी. नव्या आलेखात फरक एका डेसिबलच्या आत, आणि वसंतराव मधोमध. तोवर एका दुकानदाराने मला नवा ट्वीटर विकायची पूर्ण तयारी केली होती.

बेससाठी मात्र हॉलमधल्या आलेखावर विश्वास ठेवू नका. आमच्या हॉलची रुंदी दहा फूट आणि उंची साडेनऊ. दोन भिंतींमध्ये घुमणारी पहिली लहर ५६ हर्ट्झला, फरशी आणि छतातली ५९ ला. दोघी जवळजवळ एकाच जागी, त्यामुळे तिथे असा फुगवटा येतो की एवढासा खोका राक्षसी वाटावा. माइक हातभर सरकवला की तोच फुगवटा निम्मा. तो स्पीकरचा गुण नाही, बिल्डरचा आहे.

यातून वाट काढायला दोन युक्त्या. पहिली, परावर्तन, म्हणजे भिंती-फरशीवरून उलटलेला आवाज, माइकपर्यंत पोचायच्या आत मोजणी तोडायची. रंगाऱ्याकडून लाकडी घोडी मागून आणली आणि खोका फरशी व छत यांच्या बरोबर मध्ये ठेवला, माइक एक मीटरवर. मग पहिलं परावर्तन सुमारे सहा मिलिसेकंदांनी येतं, म्हणजे साधारण १७० हर्ट्झच्या वरचं चित्र खोलीपासून सुटं मिळतं. टीपॉय आणि सोफा आधी बाजूला करा, नाहीतर सहा मिलिसेकंदांचे तीन होतात.

त्याखालच्या भागासाठी माइक वूफरच्या अगदी जवळ, सेंटीमीटरभर अंतरावर धरायचा. डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही पद्धत. इतक्या जवळ स्पीकरचा आवाज खोलीवर सहज मात करतो. आठ इंची वूफरसाठी ती सहा-सातशे हर्ट्झपर्यंत चालते. आवाज मात्र अगदी कमी ठेवा.

याच पद्धतीने कारागिराचं काम उघडं पडलं. एका वूफरच्या कापडाला त्याने सुकल्यावर कडक होणारा गोंद फासला होता. गळती थांबली खरी, पण त्या खोक्याचा बेस जोडीदारापेक्षा बराच आधी गळायला लागला. आलेख दाखवला तर म्हणाला, “ताई, कानाला बरं वाटतंय ना, मग झालं!” तिथे सुकूनही मऊ राहणारा, ब्यूटिल रबराचा लेपच हवा. दुसऱ्याकडून तो करून घेतला.

आलेख गुळगुळीत करायची सोय जपून वापरा. एक-तृतीयांश सप्तकाचं स्मूदिंग लावून उभी पट्टी शंभर डेसिबलची ठेवली, तर फुटका स्पीकरही सरळ रेषेत दिसतो. विकायला काढलेल्या स्पीकरांचे असे आलेख मला बरेच येतात. मी एक-बाराव्यावर थांबते आणि पट्टी पन्नासची ठेवते.

माइक पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि क्रॉसओव्हर नव्याने आखायचा बेत असेल, तर यूएसबी माइकच्या वाटेला जाऊ नका. त्याचं घड्याळ लॅपटॉपच्या आउटपुटपेक्षा वेगळं चालतं, त्यामुळे वूफर आणि ट्वीटर यांच्यातला वेळेचा फरक थेट पकडता येत नाही. आरईडब्ल्यू दुसऱ्या चॅनेलवरून छोटा चिवचिवाट वाजवून तो जुळवतं, पण एक्सएलआर केबलचा माइक आणि तो लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनेलचा इंटरफेस घेतला तर ही कसरत वाचते.