टायटन मिसाइल म्युझियम : अर्धेच उघडलेले झाकण

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टुसॉन शहराच्या दक्षिणेला हे संग्रहालय आहे. शीतयुद्धाच्या काळात सज्ज ठेवलेल्या ५४ टायटन-२ क्षेपणास्त्रांच्या तळांपैकी जसाच्या तसा जतन केलेला हा एकच. भूमिगत भागात मार्गदर्शकासोबत जाता येते. ५५ पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात, याची गुडघेदुखी असणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

खालचा नियंत्रण कक्ष आठ अवाढव्य स्प्रिंगांवर टांगलेला आहे, जेणेकरून जवळपास अणुस्फोट झाला तरी आतील माणसे शाबूत राहावीत आणि त्यांनी किल्ल्या फिरवाव्यात. किल्ल्या दोन असून एकाच माणसाचे हात दोन्हींपर्यंत पोहोचू नयेत इतक्या त्या दूर आहेत. पटलावर लक्ष्य १, २ आणि ३ अशी बटणे दिसतात; त्या आकड्यांमागे कोणते ठिकाण आहे, हे तिथे बसणाऱ्यांनाही सांगितलेले नसे. प्रात्यक्षिकात एका पाहुण्याला किल्ली फिरवायला मिळते आणि त्यासाठी चढाओढ लागते, ती मला जरा अस्वस्थ करून गेली. खऱ्या आदेशावर किल्ली फिरली असती, तर ९ मेगाटनांचे अस्त्र मिनिटभराच्या आत निघाले असते आणि ते परत बोलावता आले नसते.

माझ्या मते पाहण्याजोगी खरी गोष्ट मात्र वर, उन्हात आहे. सायलोचे, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवलेल्या जमिनीखालच्या विहिरीचे, ७६० टनांचे झाकण अर्ध्यावर कायमचे अडवलेले आहे आणि क्षेपणास्त्राच्या टोकाला मुद्दाम भोक पाडले आहे, कारण हा तळ निकामी झाल्याचे सोव्हिएत उपग्रहांना वरून दिसणे आवश्यक होते. प्रतिस्पर्ध्याच्या शब्दावर भिस्त न ठेवताही कपात करता येते, हे मला त्या झाकणापाशी पटले. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती, आज ती १२,००० च्या आसपास आहेत. ती आणखी का घटवावीत, हे आर्कान्सामधील अशाच एका तळाने १९८० मध्येच दाखवले होते: पान्याचे सॉकेट हातातून निसटले, इंधनाची टाकी फुटली, स्फोटात एक जवान मरण पावला आणि अण्वस्त्र सायलोबाहेर फेकले गेले.

अमेरिका आणि रशिया यांच्यातील न्यू स्टार्ट या अण्वस्त्र-कपात कराराने दोघांच्या तैनात अण्वस्त्रांना प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घातली होती आणि वर्षाला १८ पर्यंत प्रत्यक्ष तपासण्या होऊ शकत. त्या २०२० पासून बंदच राहिल्या आणि कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

किल्लीची पाळी हुकली तरी हरकत नाही. झाकणाच्या काठाशी मात्र दहा मिनिटे अधिक थांबावे.