जाळीदार स्पोर्ट्स शूज धुताना: वॉशिंग मशीन की हातातला ब्रश?

धावण्याचे किंवा व्यायामाचे बूट मळले की घरी दोन मार्ग उरतात. एक तर नाड्या काढून ते जाळीच्या पिशवीत घालावेत आणि वॉशिंग मशीनच्या स्वाधीन करावेत, किंवा मऊ ब्रश, वाटीभर साबणाचे पाणी आणि दोन-तीन जुनी फडकी घेऊन स्वतः बसावे. मी दोन्ही मार्ग बराच काळ वापरले आहेत आणि आता त्यांपैकी एकावर स्थिरावलो आहे. मात्र ज्या कारणामुळे स्थिरावलो ते कारण प्रत्येकाला तितकेच महत्त्वाचे वाटेल असे नाही, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो. वरचा भाग पॉलिएस्टरच्या जाळीचा किंवा विणलेल्या कापडाचा आहे अशा बुटांपुरतेच हे लेखन आहे. चामड्याचे किंवा स्वेडचे बूट असतील तर निवडीचा प्रश्नच येत नाही, कारण मशीन त्यांच्यासाठी नाहीच.

मशीनच्या विरोधात सर्वांत आधी सांगितली जाते ती सोल उकलण्याची भीती. ती निराधार नाही, पण तिचा रोख थोडा चुकतो असे माझे मत आहे. बुटाचा वरचा भाग, मधला फोम आणि खालचे रबर यांना एकत्र धरणारा गोंद बहुधा पॉलियुरेथेन जातीचा असतो, आणि कारखान्यात तो उष्णता देऊनच चिकटवला जातो. साहजिकच त्याला खरा धोका गरम पाण्यापासून आणि त्याहूनही अधिक ड्रायरच्या तापलेल्या हवेपासून असतो. मधल्या थरात वापरला जाणारा ईव्हीए फोमही उष्णतेने आकसतो, आणि एकदा आकसलेला फोम पूर्ववत होत नाही. थंड पाणी, नाजूक कपड्यांचा प्रोग्राम आणि कमी वेगाचे स्पिन एवढे पथ्य पाळले, तर निदान माझ्या बुटांचे सोल मशीनमुळे कधी सुटलेले नाहीत. समोरून दार असलेल्या मशीनचा ड्रम बूट वर उचलून खाली आपटतो, हे खरे. त्यासाठी सोबत एक-दोन जुने टॉवेल टाकले की आवाजही कमी होतो आणि टाचेच्या कडक कवचाला मारही कमी बसतो.

उत्पादकांचे म्हणणे विचारात घ्यायचे तर कौल बराचसा एकतर्फी आहे. ब्रुक्स किंवा एसिक्स यांच्यासारख्या धावण्याच्या बुटांच्या कंपन्या हातानेच स्वच्छ करण्याचा सल्ला देतात. ऑलबर्ड्ससारखी कंपनी मात्र आपल्या लोकरी बुटांसाठी थंड पाण्यात, हलक्या प्रोग्रामवर मशीन चालेल असे सांगते. उत्पादकांचा सल्ला सावधगिरीकडे झुकलेला असणार हे गृहीत धरूनच मी तो वाचतो, आणि केवळ त्या सल्ल्यावरून मी मशीन सोडलेले नाही.

मशीनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आतले अस्तर ते जितके स्वच्छ करते तितके ब्रशने होत नाही, कारण पुढच्या बोटांच्या जागेत ब्रश पोचत नाही आणि पोचला तरी तिथला साबण बाहेर काढणे कठीण असते. पावसात चिखलाचे पाणी थेट आत शिरले असेल, तर हाताने धुण्याचा आग्रह धरणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय वेळेचा हिशेब आहेच. घरात मुलांसकट चार-पाच जणांचे बूट असतील, तर दर वेळी प्रत्येक जोड मांडीवर घेऊन बसणे कुणालाही परवडणार नाही.

हे सगळे मान्य करूनही माझे पारडे दुसरीकडे झुकले, आणि त्याला कारणीभूत ठरली ती एक बारीकशी, पण दर वेळी चिडवणारी गोष्ट: वाळल्यानंतर उमटणारी पिवळट कड. पांढरे किंवा फिक्या रंगाचे बूट ज्यांनी मशीनमध्ये धुतले आहेत त्यांना ती ओळखीची असेल. मशीनमधून काढताना बूट नव्यासारखा दिसतो, समाधान वाटते, आणि पूर्ण वाळल्यावर पाहावे तर जिथे जाळी सोलला मिळते तिथे, शिवणींच्या बाजूने आणि पुढच्या टोकाला एक फिकट तपकिरी-पिवळी रेषा उठलेली असते. भरतीचे पाणी ओसरल्यावर वाळूवर राहते तशी ती नेमकी वळणे घेत जाते, आणि कोरड्या फडक्याने पुसून जात नाही.

या रेषेमागचे कारण समजून घेतले की दोन्ही पद्धतींमधला फरक आपोआप स्पष्ट होतो. बूट म्हणजे केवळ बाहेर दिसणारी जाळी नव्हे. घोट्याभोवतीची गादी, नाड्यांखालची जीभ, टाचेचे अस्तर या सगळ्यांत स्पंजसारखे थर असतात, आणि मशीनमध्ये ते पूर्ण भिजतात. कपडा पिळता येतो, बूट पिळता येत नाही. त्यामुळे धुलाईच्या वेळी आत शिरलेला साबण आणि त्याने सुटा केलेला मळ खळबळण्याच्या फेऱ्यांत पूर्णपणे बाहेर पडत नाही. पुढे बूट वाळू लागतो तेव्हा पाणी आतून बाहेरच्या पृष्ठभागाकडे सरकत राहते आणि विरघळलेले सगळे सोबत घेऊन येते. पाणी हवेत उडून जाते आणि बाकीचे तिथेच बसते. जो भाग सर्वांत शेवटी वाळतो, तिथे साठा सर्वांत जास्त. कपडे धुण्याची पावडर सहसा अल्कधर्मी असते आणि थंड पाण्यात नीट विरघळतही नाही, म्हणून पावडर वापरल्यावर ही कड अधिक गडद येते असा माझा अनुभव आहे. मोजमाप म्हणून माझ्याकडे डोळ्यांखेरीज दुसरे काही नाही, पण फरक डोळ्यांना पुरेसा दिसतो.

मशीन न सोडता या कडेवर उपाय करता येतात, आणि ते मी प्रामाणिकपणे करून पाहिले आहेत. पावडरीऐवजी लिक्विड घ्यावे, तेही नेहमीपेक्षा निम्म्याहून कमी. खळबळण्याची एक फेरी वाढवावी. बूट ओले असतानाच त्यांच्यावर पांढरा, बिनछपाईचा टिश्यू पेपर घट्ट गुंडाळावा. या शेवटच्या उपायात खरोखर तथ्य आहे, कारण मग पाण्याचा शेवटचा प्रवास जाळीच्याही पुढे कागदापर्यंत होतो आणि पिवळेपणा कागदावर उतरतो. कागद सोडवल्यावर त्यावर उमटलेले डाग पाहिले की बुटात किती साबण अडकला होता याची कल्पना येते. पण एवढे सगळे केल्यावर मशीनचा जो मुख्य फायदा, म्हणजे बटण दाबून मोकळे होणे, तो कितीसा उरतो? मलातरी तो फारसा उरलेला दिसला नाही.

हाताने धुताना हा प्रश्न मुळातच लहान होतो, कारण पाणी कुठे आणि किती जाईल हे आपल्या हातात असते. इथे एक खुलासा आवश्यक आहे: हाताने धुणे म्हणजे बूट बादलीत बुडवून ठेवणे नव्हे. तसे केले तर मशीनचे सगळे तोटे पदरात पडतात, आणि स्पिनमुळे जे थोडे पाणी निघून जाते तेही निघत नाही. मी ज्या पद्धतीबद्दल बोलतो आहे तिच्यात बूट नळाखाली धरायचा नसतो. ओल्या चिखलाला आधी हात लावायचा नाही. तो वाळू द्यायचा, सोल एकमेकांवर आपटून ढेकळे पाडायची आणि राहिलेली माती कोरड्या ब्रशने झटकायची. माती ओली असताना घासली तर ती जाळीच्या छिद्रांत आणखी खोल जाते. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकून, ब्रश बुडवून, झटकून, एका वेळी तळहाताएवढाच भाग घासावा. सगळे यश त्यापुढच्या कृतीत आहे: फेस आत मुरण्याआधी तो कोरड्या, शोषून घेणाऱ्या फडक्याने दाबून उचलायचा आणि मग स्वच्छ पाण्यात पिळलेले फडके त्याच जागेवर दोन-तीनदा फिरवायचे. घासण्यापेक्षा टिपण्यातच जास्त वेळ जातो. असे केल्यावर आतली गादी जवळजवळ कोरडीच राहते, बाहेर आणून सोडण्याइतके पाणी तिच्यात नसतेच, आणि कड क्वचितच उठते. उठली तरी तो संपूर्ण पट्टा शिवणीपासून शिवणीपर्यंत साध्या पाण्याने पुन्हा ओलसर करून टिपला की ती जाते. केवळ डागावर पाणी लावले तर त्याच्याभोवती नवी कड तयार होते.

ब्रश मात्र दोन हवेत. विणलेल्या वरच्या भागावर कडक ब्रश चालवला तर धागे उसवून लव उठते आणि ती पुन्हा बसत नाही, म्हणून तिथे मऊ ब्रश, आणि खालच्या रबरी नक्षीसाठी कडक. सोलच्या पांढऱ्या कडेवर मेलामाइनचा स्पंज उत्तम काम करतो. तो मुळात अतिशय बारीक पॉलिशपेपरच्या जातीचा आहे एवढे लक्षात ठेवून तो जाळीपासून आणि रंग छापलेल्या भागांपासून दूर ठेवावा. टूथपेस्टचा सल्ला बराच प्रचलित आहे. तिच्यातही घासणारे बारीक कण असतात म्हणून ती रबरावर चालते, परंतु जाळीत गेली की तिचे पांढरे कण काढण्यात दुप्पट वेळ जातो. क्लोरीनच्या ब्लीचबद्दल मात्र मी सौम्य राहू शकत नाही. नायलॉन आणि ताणले जाणारे इलॅस्टेनचे धागे ब्लीचने पांढरे होण्याऐवजी पिवळे पडतात आणि कमकुवतही होतात. जुन्या सोलचा पिवळेपणा ही आणखी वेगळी बाब आहे. प्रकाश आणि हवा यांमुळे त्या पदार्थातच झालेला तो बदल असतो, आणि वरवर धुऊन तो जात नाही, मग धुणारे मशीन असो की आपण.

वाळवण्याचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत: सावली, खेळती हवा, आत चुरगळलेला कोरा कागद आणि शक्य असेल तर पंखा. कडक ऊन, हीटर, हेअर ड्रायर हे सगळे वर्ज्य. वर्तमानपत्राचा कागद पाणी छान शोषतो, परंतु फिक्या अस्तरावर त्याची शाई उतरू शकते. फरक आहे तो वेळेचा. ब्रशने पुसलेला बूट संध्याकाळी ठेवला तर बहुधा दुसऱ्या दिवशी पायात घालता येतो. मशीनमधून निघालेला बूट दमट हवेत दोन दिवसांनीही बोटांच्या जागी गार लागतो, आणि ज्याच्याकडे व्यायामासाठी एकच जोड आहे त्याच्या दृष्टीने ही गोष्ट पिवळ्या कडेहूनही महत्त्वाची ठरू शकेल.

दुर्गंधीच्या बाबतीत मात्र मला मशीनला थोडे झुकते माप द्यावे लागते. बुटांचा वास मुळात घामाचा नसतो. घामातले ल्युसिनसारखे घटक जिवाणू फोडतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखे उग्र वासाचे पदार्थ तयार होतात. जिवाणू अस्तरात खोलवर असल्यामुळे पूर्ण भिजवून धुतलेला बूट काही दिवस अधिक ताजा वाटतो. तरीही या वासाचा मोठा वाटा निघणाऱ्या इनसोलमध्ये असतो असे मला आढळले आहे, आणि इनसोल बाहेर काढून हाताने धुणे अगदी सोपे आहे. बुटाच्या आत रात्रभर खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवला तर तो आम्लाशी प्रक्रिया करून वास खरोखर कमी करतो. सकाळी तो नीट झटकून काढावा, कारण ओलाव्यात त्याचे खडे होतात. बूट फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय मात्र सोडून द्यावा. थंडीने जिवाणू निष्क्रिय होतात, पण बरेचसे मरत नाहीत, आणि पायाची ऊब मिळताच पुन्हा कामाला लागतात.

बुटांसाठी म्हणून मिळणाऱ्या फेसाच्या बाटल्यांविषयी थोडक्यात: त्या वाईट नाहीत, त्यांत पाणी कमी लागते ही त्यांची जमेची बाजू आहे, आणि प्रवासात त्या सोयीच्या पडतात. पण भांड्यांच्या लिक्विडने जे काम होते त्याहून लक्षणीय वेगळे काही त्यांनी केलेले मला दिसले नाही.

तुमचे बूट गडद रंगाचे असतील, ते आतपर्यंत चिखलाने भरले असतील, किंवा ते मुलांचे असून काही महिन्यांत लहानच होणार असतील, तर थंड पाणी आणि हलका प्रोग्राम लावून मशीन खुशाल वापरावे. कड उठलीच तरी गडद रंगावर ती दिसणार नाही. पांढऱ्या, फिक्या किंवा तुम्हाला जपायच्या असलेल्या जोडासाठी मात्र मी ब्रशकडेच वळेन, आणि तुम्हीही निदान एकदा टिपण्याच्या पद्धतीने धुऊन पाहावे असे सुचवेन. नाड्या मी आजही एका मोज्यात घालून, मोज्याला गाठ मारून मशीनमध्येच टाकतो, कारण त्यांना हाताने घासण्याचा वेगळा फायदा मला कधी दिसला नाही.