ट्रेलिंग अँटेनाचं रीळ: हाताचं घ्यावं की मोटरचं?

विमानामागे लांब तार सोडून रेडिओ चालवायच्या काळातली रिळं आज दोन प्रकारचे लोक शोधतात. एक म्हणजे जुनं विमान किंवा त्याची रेडिओ-केबिन मूळ रूपात उभी करणारे. दुसरे, बीसी-३७५ सारखा जुना लष्करी ट्रान्समीटर पूर्ण संचासकट जमवणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. रीळ हातात आलं की दोघंही आधी मोटर फिरते का ते बघतात. खरं तर आधी ब्रेक बघावा, मग आकडे मोजणारं यंत्र, आणि मोटर सगळ्यात शेवटी. तार बाहेर काढायला वारा पुरतो. ती ठरल्या लांबीवर धरून ठेवणं आणि किती बाहेर गेली हे ऑपरेटरला नेमकं सांगणं, यासाठी रिळाला पैसे मोजायचे. या अँटेनात ट्यूनिंगचं सगळ्यात मोठं बटण रीळच असतं.

इथे दोन जाती तोलल्या आहेत: हँडल फिरवून चालणारी रिळं, आणि दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी आरएल-४२. आरएल-४२ विमानाच्या २४-२८ व्होल्ट डीसीवर मोटरने चालतं. बी-१७ आणि बी-२४ सारख्या विमानांत ते एससीआर-२८७ या रेडिओ-संचासोबत येई: बीसी-३७५ ट्रान्समीटर, बीसी-३४८ रिसीव्हर, आणि रिळासाठी बीसी-४६१ ही नियंत्रण डबी.

आधी तारेबद्दल, कारण रीळ कसं जोखायचं ते तिच्यावरूनच ठरतं. ५०० किलोहर्ट्झ ही त्या काळी जहाजांची आणि संकटाच्या हाकेची लहर. लहरीची लांबी ६०० मीटर, म्हणजे पाव लहर, जेवढी तार सहज शक्ती घेते, १५० मीटर. विमानाच्या पाठीवर ताणलेली पक्की तार दहा मीटर धरा. एवढ्याशा तारेत एक अँपिअर प्रवाह ढकलायचा तर बुडाशी काही हजार व्होल्ट चढतात, आणि बहुतेक शक्ती लोडिंग कॉइल (आखूड तारेची तूट भरणारं वेटोळं) तापवण्यात जाते. २५० फूट, म्हणजे ७६ मीटर तार सोडली की तेवढाच प्रवाह पाच-सहाशे व्होल्टांत जातो. शिवाय आखूड तारेचा प्रारण-रोध, म्हणजे तार किती शक्ती लहरीच्या रूपात बाहेर टाकते त्याचं माप, लांबीच्या वर्गाने वाढतो. दोन्ही तारांचा कल सारखा धरला तर साडेसात पट लांबीला पन्नास पटींहून जास्त फायदा होतो. पन्नास-शंभर वॅटच्या सेटला याहून मोठी मदत दुसरी कुठलीच नव्हती. बीसी-३७५ वर १५० ते ८०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यासाठी बीसी-३०६ हे वेगळं अँटेना ट्यूनिंग युनिट लागे, ते लांब तारेतही उरलेली ही तूट भरून काढायला.

लघुलहरींवर प्रश्न उलटा होतो. तिथे तार नेमकी हवी, नुसती लांब असून भागत नाही. अमेरिकी विमानं रात्री ३१०५ आणि दिवसा ६२१० किलोहर्ट्झ वापरत. ३१०५ ला पाव लहर २४ मीटर. टोकाच्या परिणामामुळे तार विजेला थोडी जास्त लांब भासते, म्हणून ५ टक्के कमी करा, २३ मीटर. आता तार तशीच ठेवून ६२१० वर गेलात तर तीच तार अर्धी लहर होते. अर्ध्या लहरीच्या टोकाला विजेचा दाब प्रचंड आणि प्रवाह नावापुरता, म्हणून ट्रान्समीटर भार घेतच नाही. अँटेनाच्या अँमीटरचा काटा शून्याजवळ पडून राहतो आणि तार बाहेर पडते त्या नळीशी ठिणग्या उडतात. ऑपरेटरला वाटतं सेट बिघडला. उपाय सोपा आहे: तार ११-१२ मीटरवर आणायची, नाहीतर पाऊण लहरीपर्यंत, साधारण ३५ मीटरवर न्यायची. म्हणजे रात्रीची दिवस-लहर करताना रीळ हलवावंच लागतं. जे रीळ किती हललं ते सांगत नाही, ते इथे निरुपयोगी ठरतं.

लांबीच्या मोजणीत बहुतेकांची फसगत होते. साधं मोजणीयंत्र ढोलाचे फेरे मोजतं, फूट मोजत नाही. तार थरावर थर बसलेली असते, त्यामुळे भरलेल्या ढोलाचा एक फेरा जास्त तार सोडतो आणि रिकामा होत आलेल्याचा कमी. उदाहरणादाखल, भरलेला घेर १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि गाभा १० सेंटिमीटरचा असेल, तर बाहेरचा एक फेरा ४७ सेंटिमीटर सोडतो, आतला फक्त ३१. पन्नास फेऱ्यांमागे फरक आठ मीटरपर्यंत जातो, आणि ६२१० वर आठ मीटर म्हणजे सगळं गणित ओंफस. म्हणून रीळ घेतल्यावर पहिलं काम एकच: मोकळ्या मैदानात तार पूर्ण ओढून काढा, दर दहा फेऱ्यांना टेप लावा आणि आकडा-मीटर असा तक्ता एका कार्डावर लिहा. तार बदलली, जाडी बदलली किंवा गुंडाळताना ताण वेगळा पडला, की तक्ता पुन्हा करायचा. सैल गुंडाळलेली तार जास्त जागा खाते, हे विसरलं की चांगल्या रिळावर उगाच खापर फुटतं.

हाताच्या रिळाची गंमत आणि धोका दोन्ही ब्रेकमध्ये आहेत. विहिरीवरच्या रहाटाची दांडी हातातून सुटली की काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. ब्रेक सैल केला की तारेच्या टोकाला बांधलेला शिशाचा ओळंबा आणि वारा मिळून तार खेचतात. सुरुवातीला ती दबकत जाते. वीस-तीस मीटर बाहेर पडल्यावर हवेची ओढ इतकी वाढते की ढोल सुसाट सुटतो. तशात हँडल ढोलाला जोडलेलं राहिलं तर बोटं फुटतात. आणि शेवटपर्यंत तसंच जाऊ दिलं तर टोकाला असा हिसका बसतो की ओळंबा तुटून जातो. म्हणून हँडलचा खटका आधी सोडवायचा, ब्रेकवर हात ठेवायचा आणि थांबत थांबत ढील द्यायची. शेवटचे दहा-बारा फेरे तर अगदी सावकाश. ढोलावर निदान चार-पाच फेरे उरायलाच हवेत. सगळी ओढ तारेच्या मुळाच्या गाठीवर येऊ देऊ नये.

ओळंबा गेलेली तार जास्त वाईट. वजन नसलं की ती सरळ राहत नाही, फडफडते, शेपटीच्या पंखांना गुंडाळायला बघते, आणि नळीच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा वाकून एकेक पेड तुटत जातो. अशा वेळी विमानाचा वेग कमी करून तार हळूहळू आत घ्यायची, आणि टोक नळीजवळ आलं की थांबायचं. मोकळं टोक आत शिरलं तर केबिनमध्ये चाबकासारखं फिरतं. ती आत येत नसेल तर कापून टाकायची. ऑपरेटरच्या हाताशी तार कापायची पक्कड हवीच. ब्रिटिश विमानांत एका गोळ्याऐवजी शिशाचे मणी ओवलेली माळ वापरत, आणि ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. मणी अरुंद नळीतून सरकतात, आणि फटका बसलाच तर एका जड गोळ्याइतकं नुकसान होत नाही.

वेगाचाही इथे संबंध येतो. ओळंब्याचं वजन तेवढंच राहतं, पण हवेची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे संथ विमानात तार चांगली खाली लोंबते आणि वेगवान विमानात जवळजवळ आडवी होते. आडव्या तारेमुळे जमिनीवरच्या दिशाशोधक केंद्राला विमानाची चुकीची दिशा मिळू शकते, रात्री विशेष. केंद्राकडून बेअरिंग, म्हणजे विमानाची दिशा, मागायची असेल तर वेग कमी करून तार जास्त लोंबू द्यायची, एवढं ऑपरेटरने वैमानिकाला सांगायलाच हवं.

आता आरएल-४२. याच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे ऑपरेटरचे हात मोकळे राहतात. रीळ तारेच्या नळीजवळ, सोयीच्या जागी बसवता येतं आणि चालवायची डबी टेबलाशी. बीसी-३७५ वर अँटेनाच्या प्रवाहाचा मीटर आहे, त्यामुळे काम असं होतं: तक्त्यातल्या आकड्यापेक्षा दोन-तीन फेरे जास्त सोडायचे, ट्रान्समीटर कमी शक्तीवर क्षणभर चालू करायचा, काटा बघायचा, ट्रान्समीटर बंद करायचा, एक फेरा आत, पुन्हा बघायचं. काटा सगळ्यात वर जाईल तिथे थांबायचं. तार सरकत असताना ट्रान्समीटर चालू ठेवायचा नाही; सरकत्या स्पर्शाच्या जागी ठिणगी पडते आणि तांबं खातं. कित्येक रिळांत ढोलच रेडिओ-वीज वाहतो, त्यामुळे त्याला हात लागला तर चटका खोल बसतो.

मोटरच्या रिळाची खोट हीच की त्याला तारेचं दुखणं कळत नाही. हाताच्या रिळावर तार कुठे अडली, पेड फुगले, ओळंबा नळीच्या तोंडाशी आला, हे हँडलमधून लगेच जाणवतं. मोटर ओढतच राहते. ओळंबा नळीशी पोचल्यावर बटण वेळेवर सोडलं नाही तर तार तुटते, नाहीतर गिअरचे दात जातात. म्हणून शेवटचे पाच फेरे बटण टिचकी मारल्यासारखं दाबत आणायचे. विमानाची वीज गेली की काय करायचं, हे तर उड्डाणाआधीच ठरलेलं असावं.

उतरताना तार बाहेर राहणं ही दोन्ही प्रकारांतली नेहमीची चूक. कुंपण, विजेच्या तारा, धावपट्टीच्या कडेचे दिवे, सगळ्यांना ती अडकते. वादळी ढगांजवळही ती आतच हवी. लँकॅस्टरसारख्या ब्रिटिश विमानांत टी-११५४ ट्रान्समीटरसोबतच्या अँटेना-स्विचला थेट जमिनीला जोडायची एक वेगळी जागा होती, ती अशाच वेळेसाठी.

पहिल्या महायुद्धातली रिळं याहून खूप साधी. तोफखान्याला निशाणा सांगणाऱ्या ब्रिटिश विमानांत स्टर्लिंग स्पार्क ट्रान्समीटर आणि सुमारे १२० फूट तांब्याची तार असे. एक ढोल, एक ब्रेक, एक हँडल, शिशाचा ओळंबा. लहर जवळपास कायम असल्यामुळे लांबी सारखी बदलायची गरज नव्हती, आणि त्या कामाला हे रीळ पुरेसं होतं. ज्यांना त्या काळचं विमान उभं करायचंय त्यांनी मोजणीयंत्र लावायच्या मोहात पडू नये.

तारेची किंमत कळायला, जगप्रदक्षिणेत विमानासकट नाहीशी झालेल्या अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्टची लॉकहीड इलेक्ट्रा आठवावी. तिच्या विमानावर २५० फुटांची ट्रेलिंग तार होती आणि वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५० वॅटचा ट्रान्समीटर ३१०५, ६२१० आणि ५०० किलोहर्ट्झवर चालत होता. १९३७ च्या जूनमध्ये मायामीहून निघताना ती तार विमानावर नव्हती. वजन वाचलं, दर वेळी तार सोडा-गुंडाळा ही दगदग वाचली. कराची आणि कोलकात्यावरून जाताना तिची उणीव भासली नसेल, जमीन खाली होती. पण २ जुलैला हाउलंड बेटाजवळ वाट पाहणाऱ्या इटास्का जहाजावरचा दिशाशोधक ५०० च्या पट्ट्यात चालत होता, आणि इलेक्ट्राच्या आखूड तारेतून ५०० वर जवळजवळ काहीच बाहेर पडण्यासारखं नव्हतं. विमान नाहीसं होण्याची कारणं बरीच असतील. तरी समुद्रावरच्या प्रवासात ती तार काढणं हा वाईट सौदा होता, यात शंका वाटत नाही.

आपल्याकडे आरएल-४२ चा शोध घेणाऱ्यांपैकी काहींना लिबरेटरची ओढ असते. बी-२४ चंच हे नाव; हवाई दलाच्या ६ स्क्वॉड्रनची लिबरेटर विमानं पुण्याच्या लोहगावहून सागरी टेहळणीसाठी उडत आणि १९६८ पर्यंत सेवेत होती. अशा प्रदर्शनासाठी रीळ घेत असाल तर रंग आणि पाटी शाबूत असलेलं घ्या, मोटर मेली असली तरी चालेल. चालवायला घेत असाल तर मात्र पुढची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

ढोल हाताने फिरवून बघा. खडखड आली तर बेअरिंग किंवा बुश गेलं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. रॉकेलने धुऊन नवीन भरल्याशिवाय वीज देऊ नका, नाहीतर मोटर अडकून जळते. मोटरचे कार्बन (ब्रश) काढून बघा, स्प्रिंग गंजली असेल तर बदला. वीज द्यायला १२ व्होल्टच्या दोन गाडीच्या बॅटऱ्या ओळीने जोडा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा लहान २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मोटर सुटताना लागणाऱ्या प्रवाहाने ट्रिप होतो आणि लोक मोटरलाच नावं ठेवतात. मग ढोलावर दोर गुंडाळून त्याला पाच किलोचं वजन टांगा, वर घ्या आणि मध्येच बटण सोडा. वजन जागच्या जागी थांबलं पाहिजे. हळूहळू खाली सरकलं तर ब्रेक गेलाय. असं रीळ दिलेल्या लांबीवर तार धरू शकणार नाही, मोटर कितीही गोड फिरो.

बॅकेलाइटच्या नळीवर आणि इन्सुलेटरवर काळ्या रेघा दिसतात का ते उजेडात बघा. त्या धुळीच्या वाटल्या तरी ठिणगीने जळलेल्या वाटा असतात, आणि वीज पुन्हा तिथूनच जाते. पुसून भागत नाही, तो भाग बदलावा लागतो. मूळ तार सोबत मिळाली तर ती दाखवायला ठेवा, वापरू नका. नवीन तार अनेक पेडांची घ्या, एकेरी जाड तांबं नको. ते दहा-वीस वेळा वाकलं की कडक होऊन मोडतं. फॉस्फर ब्राँझची मिळाली तर उत्तम. ओळंब्याच्या टोकाला नुसती गाठ मारून डाग (सोल्डर) देऊ नका, डाग दिलेल्या जागेच्या कडेलाच तार तुटते. फासा धातूच्या खोबणीवरून वळवून, दाबून बसवलेल्या नळीने पक्का करा.

दोन्हींत निवडायचं तर: एकाच लहरीवर काम असेल आणि माणूस रिळाजवळ बसू शकत असेल तर हाताचं रीळ घ्या, ते जास्त काळ टिकतं आणि बिघडलं तर गावातल्या लेथवर दुरुस्त होतं. ५०० पासून लघुलहरींपर्यंत सगळा संच चालवायचा असेल तर आरएल-४२ला पर्याय नाही, पण डबीसकट घ्या. मोजणीच्या आकड्याशिवाय मिळणारं नुसतं मोटरचं रीळ कितीही स्वस्त असलं तरी परत ठेवा.