क्रोममधील कॅशे साफ करण्याची सोय : दोन फोनवर वापरून पाहिल्यानंतर

आईच्या फोनवर वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडायला इतका वेळ लागू लागला होता, की चहा उकळून गाळून होईपर्यंत समोर पांढरा पडदाच दिसत असे. शेजारच्या काकूंनी तिला ‘फोनमधली कॅश साफ करून घ्या’ असा सल्ला दिला, आणि ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज नेमाने वाचणारी आई तो ऐकून हादरलीच. ही कॅश पैशांची नव्हे, हे तिला पटवून दिल्यावर मी अँड्रॉइडवरील क्रोम या ब्राउझरमध्ये असलेली कॅशे साफ करण्याची ही सोय आधी माझ्या आणि मग तिच्या फोनवर नीट वापरून पाहिली.

कॅशे म्हणजे ब्राउझरने फोनमध्ये जपून ठेवलेला साठा. एखादे पान प्रथम उघडले, की त्यातील बोधचिन्ह, छायाचित्रे, फॉन्ट आणि मांडणीच्या फायली ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी त्या पुन्हा इंटरनेटवरून आणाव्या लागत नाहीत. रोज लागणारे तिखट-मीठ ओट्याजवळच्या डब्यात ठेवावे, तसाच हा प्रकार. कोणती फाइल किती काळ ताजी समजायची हे संकेतस्थळाचा सर्व्हर ठरवून देतो. ती मुदत संपली की ब्राउझर सर्व्हरकडे चौकशी करतो, आणि फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर ती पुन्हा न पाठवता ‘३०४’, म्हणजे ‘बदल नाही’, एवढेच सांकेतिक उत्तर धाडतो. साठा ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागला, तर बराच काळ न वापरलेल्या फायली ब्राउझर आपणहून काढून टाकतो. म्हणजेच हा डबा वरचेवर रिकामा करण्याची जबाबदारी मुळात आपली नाहीच.

तरीही करायचे झाल्यास मार्ग सोपा आहे. वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून ‘ब्राउझिंग डेटा हटवा’ हा पर्याय निवडायचा, शेवटच्या १५ मिनिटांपासून ‘आतापर्यंतचा सर्व’ इथपर्यंत हवा तो कालावधी ठरवायचा आणि पुढच्या खुणा तपासायच्या. फोनची भाषा मराठी असेल तर हा सगळा पडदा मराठीत दिसतो, ही गोष्ट आईच्या वयाच्या माणसांसाठी लहान नाही. कॅशे हटवल्यावर काही साइट पुढच्या भेटीत हळू उघडू शकतात, अशी सूचनाही क्रोम स्वतःच देतो. वेग वाढवण्यासाठी म्हणून येथवर आलेल्या माणसाला हे वाचून कोड्यात पडल्यासारखे होईल, पण या पडद्यावरील सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच आहे.

मात्र इतिहास (उघडलेल्या पानांची यादी), कुकीज (आपल्याला ओळखण्यासाठी संकेतस्थळांनी फोनमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि कॅशे या तीन अगदी वेगळ्या गोष्टी येथे शेजारी शेजारी बसवलेल्या आहेत, आणि तिन्हींवर आधीपासूनच खूण असते. कुकीज गेल्या की बहुतेक संकेतस्थळांवरून आपण बाहेर पडतो. सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या उपकरणांमधील माहिती जुळवून ठेवण्याची सोय, सुरू असेल तर हटवलेला इतिहास त्याच खात्याच्या इतर उपकरणांवरूनही जातो. माझ्या फोनवर पहिल्या वेळी मी घाईघाईने सगळे तसेच ठेवून बटण दाबले, आणि ती संध्याकाळ एकेका ठिकाणी पासवर्ड आठवण्यात व ओटीपीची वाट पाहण्यात घालवली. चूक माझीच होती. आईच्या फोनवर मात्र पहिल्या दोन खुणा काढून फक्त ‘कॅशे केलेल्या इमेज आणि फाइल’ एवढीच ठेवली.

परिणाम सूचनेप्रमाणेच झाला. साफसफाईनंतर वर्तमानपत्राचे पान पहिल्यांदा आधीपेक्षाही सावकाश उघडले, दुसऱ्यांदा उघडले ते पूर्वीच्याच चालीने. खरे दुखणे निराळे निघाले. तिच्या ३२ जीबीच्या फोनमध्ये जेमतेम अर्धा जीबी जागा उरली होती, आणि बाकीचा बराचसा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या सुप्रभाताच्या चित्रांनी व नातवंडांच्या चित्रफितींनी व्यापला होता. साठवण काठोकाठ भरली की केवळ ब्राउझरच नव्हे, सगळाच फोन अडखळू लागतो. चित्रफिती संगणकावर उतरवून घेऊन फोनमधून काढल्यावर जो फरक पडला, तो कॅशे पुसून पडला नव्हता.

ही सोय खऱ्या अर्थाने उपयोगी पडली ती दुसऱ्याच कामासाठी. एका बिलभरणा संकेतस्थळाची मांडणी नुकतीच बदलली होती आणि माझ्या फोनवर ‘पुढे जा’ हे बटण दिसत असूनही दाबले जात नव्हते. कितीदाही पान ताजे केले तरी तेच. अशा वेळी एक चाचणी करून पाहावी : तेच पान इनकॉग्निटो टॅबमध्ये उघडावे. तो टॅब नेहमीचा साठा वापरत नसल्यामुळे तेथे पान नीट चालले, तर दोष बहुधा फोनमध्ये राहिलेल्या जुन्या फायलींचा किंवा कुकीजचा असतो. माझ्या बाबतीत बटण तेथे चालले. मग फक्त कॅशे हटवली आणि पुढच्या मिनिटाला बिल भरून झाले. याच उपयोगासाठी मी या सोयीला पाचपैकी चार तारे देईन. एक तारा कापला आहे तो एकत्र बांधलेल्या त्या तीन खुणांसाठी.

आईच्या फोनमध्ये कोणीतरी ‘क्लीनर’ नावाचे एक अ‍ॅपही टाकून दिले होते. रॉकेट उडाल्याचे चित्र दाखवून ते रोज फोन ‘हलका’ झाल्याचे सांगत असे आणि त्यापाठोपाठ जाहिरात लावत असे. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून साध्या अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपची कॅशे परस्पर पुसण्याची परवानगीच मिळत नाही. त्यामुळे अशी अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, म्हणजे आपल्या पडद्यावर काय चालले आहे ते पाहण्याची आणि आपल्या वतीने बटणे दाबण्याची मुभा. कॅशेसाठी एवढी किल्ली कोणाच्या हाती देऊ नये. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत क्लीन मास्टर आणि डीयू क्लीनर ही दोन्ही नावे होती, हेही येथे आठवते.

फायरफॉक्समध्येही कॅशेची खूण स्वतंत्र आहे. आयफोनवरील सफारीमध्ये मात्र इतिहास आणि संकेतस्थळांचा डेटा एकाच आज्ञेने जातो, त्यामुळे तेथे हात अधिकच जपून घालावा.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधून अ‍ॅपच्या माहितीपर्यंत गेल्यास तेथेही ‘कॅशे साफ करा’ हे बटण मिळते. बहुतेक अ‍ॅपच्या बाबतीत त्याच्याच शेजारी सगळा डेटा पुसणारे बटण असते आणि ते दाबल्यास अ‍ॅप नव्याने बसवल्यासारखे कोरे होते. क्रोमच्या बाबतीत तेथे जागा व्यवस्थापित करण्याचा पर्याय येतो, पण त्याच्या आतही सर्व डेटा काढण्याचे बटण आहेच. आईला मी तो रस्ता दाखवलेलाच नाही.