हेब्रॉनची निळी सुरई की दीमा सरूजीचं काचपात्र?

पॅलेस्टिनी कारागिरांनी फुंकलेली काच घरात असावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यापुढे बहुतेक वेळा दोन पर्याय येतात. एक वेस्ट बँकेतल्या हेब्रॉन शहराच्या भट्टीतले पेले, सुरया, वाडगे. दुसरा म्हणजे दीमा सरूजी या आर्किटेक्ट-डिझायनरने पॅलेस्टिनी कारागिरांकडून घडवून घेतलेली पात्रं. दोन्ही अस्सल आहेत, पण कामं वेगळी करतात. रोज हाताळायची वस्तू हवी असेल तर माझं मत सरळ हेब्रॉनच्या बाजूने आहे.

हेब्रॉनला अरबीत अल-खलील म्हणतात. तिथल्या जुन्या शहरात काचकामगारांचा स्वतंत्र मोहल्ला होता. १३४५ च्या सुमारास तिकडे गेलेल्या एका इटालियन यात्रेकरूनेही इथल्या काचकामाचं कौतुक लिहून ठेवलंय. पूर्वी आसपासची वाळू आणि मृत समुद्राकडचा क्षार वापरून काच बनायची. आता मुख्यतः फुटक्या बाटल्या वितळवतात. आज चालू असलेल्या कारखान्यांपैकी नतशे कुटुंबाचा कारखाना १८९० पासूनचा.

काम बघण्यासारखं असतं. पोकळ लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकणी सतत फिरवत फुंकायचं आणि चिमट्याने मान ओढायची. फिरवणं क्षणभर थांबलं तरी गोळा एका बाजूला ओघळतो. पुष्कळदा तोंडाचा काठ घडवण्यासाठी भांडं बुडाशी दुसऱ्या सळईवर घेतात आणि ती सळई मोडून काढली की तिथे खरबरीत वण राहतो. म्हणून विकत घेताना भांडं उलटं करून बघा. वण, आत अडकलेले बारीक बुडबुडे, दोन पेल्यांच्या उंचीतला किंचित फरक या सगळ्या हाताच्या खुणा आहेत. सहाच्या सहा पेले तंतोतंत सारखे निघाले तर उलट शंका घ्या. रंगांत कोबाल्टचा गडद निळा आणि तांब्याचा फिरोजी हे दोन घ्यावेत. या काचेची ओळख त्यांच्यातच आहे.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. ही साधी सोडा-काच, तिला उकळत्या चहाचा झटका सोसत नाही, तडा जातो. पाणी, सरबत, ताक यांना उत्तम.

आता सरूजी. जन्म नाझरेथचा, वास्तुकलेचं शिक्षण येलमधलं. ‘हॉलो फॉर्म्स’ या नावाने तिने वेस्ट बँकेतल्या जबा गावच्या त्वाम या काच फुंकणाऱ्या कुटुंबासोबत काम सुरू केलं. तिच्या पात्रांना काटे फुटतात, वळसे पडतात, मान वाकडी होते. काच पातळ, अनेकदा बिनरंगी, त्यामुळे बाह्यरेषाच डोळ्यांत भरते. यातून कोणी पाणी पिणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही.

तिच्या कामाचं खरं वजन दुसरीकडे आहे. फुंकून काच घडवण्याची युक्ती याच भूभागात इसवीसनपूर्व पहिल्या शतकात निघाली. जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या उत्खननात तिचे अगदी आरंभीचे अवशेष मिळाले. आणि इथल्या मातीतून निघालेली किती तरी प्राचीन काचपात्रं आज परदेशी संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. सरूजीने अशा पात्रांच्या प्रतिकृती आजच्या पॅलेस्टिनी कारागिरांकडून नव्याने फुंकून घेतल्या. मूळ वस्तू गावी परत येत नाही, पण ती घडवणारा हात अजून गावातच आहे, हे त्या प्रतिकृती दाखवून देतात. मला तिचं हे काम काटेरी पात्रांपेक्षा मोठं वाटतं. लंडनला राहणाऱ्या मराठी वाचकांनी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी तिचं नातं लक्षात ठेवावं. तिथे ती जमील फेलो (संग्रहालयाची अभ्यासवृत्ती मिळालेली) होती आणि २०२३ मध्ये तिथल्या प्राचीन काचेच्या संदर्भात तिचं प्रदर्शनही झालं.

म्हणजे संग्रहासाठी, भिंतीच्या कोनाड्यात दिव्याखाली ठेवायला, किंवा वस्तूमागचा विचारच तुम्हाला ओढत असेल तर सरूजी. पैसा जास्त जाईल, वस्तू नाजूक येईल, आणि घरात लहान मूल असेल तर थांबलेलंच बरं. एरवी हेब्रॉन. एका पात्राच्या पैशात पेल्यांचा संच येतो. तो वापरात फुटला तर पुन्हा मागवता येतो, आणि भट्टी चालू राहायला नेमकी हीच मागणी लागते. १९९४ च्या हेब्रॉनमधल्याच इब्राहिमी मशिदीतल्या हत्याकांडानंतर जुन्या शहरातले रस्ते आणि दुकानं बंद होत गेली, दारात येणारं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा बाहेरून येणाऱ्या ऑर्डरचं मोल तिथे फार आहे. फेअर ट्रेड विक्रेत्याकडून घ्या आणि वस्तू कुठल्या कारखान्यात बनली ते नावानिशी विचारा.

जेरुसलेमच्या पुरावस्तूंच्या दुकानांत तिसरी वाटही दिसते: खरी रोमनकालीन बाटली, परवान्यासह. ती मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. इस्रायलमध्ये परवानाधारक दुकानदाराला हा व्यापार कायद्याने करता येतो, पण वेस्ट बँकेतल्या थडग्यांची लूट याच मागणीवर पोसली जाते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू खासगीरीत्या परदेशी नेण्यावर बंदी आहे, ती देवळांतल्या मूर्ती गेल्या म्हणूनच. प्राचीन घाटाचीच ओढ असेल तर त्या घाटाची, आज फुंकलेली बाटली हेब्रॉनमधून मागवा.